फुटलेले हात आणि कपाटात ठेवलेली चिठ्ठी

पत्र

डॉक्टर ताई, नमस्कार. आम्ही मानेवाडा रोडला राहतो. माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे, सहावीत. दिवाळीपासून त्याच्या दोन्ही हातांची सालं निघतात, बोटांच्या पेरांवर भेगा पडून रक्त येतं. आधी वाटलं थंडीने झालं असेल. जवळच्या डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून ट्यूब दिली, मग औषधाच्या दुकानातून दुसरी आणली. लावली की चार दिवस बरं, मग पुन्हा जसंच्या तसं. सासूबाई म्हणतात, बोअरच्या पाण्याने होतंय. आता एप्रिल संपत आला, घरातले सगळे घामाने चिंब आणि याचे हात मात्र कोरडे ठाक.

शेवटी स्किनच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी हात उलटेसुलटे करून पाहिले आणि मला न विचारता त्यालाच विचारलं, ‘दिवसातून किती वेळा हात धुतोस रे?’ तो माझ्याकडे पाहत राहिला, मग हळूच म्हणाला, ‘मोजत नाही.’ त्यांनी मलम दिलं आणि सोबत ‘मेडिकल’च्या, म्हणजे इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, मानसोपचार विभागात दाखवा म्हणून चिठ्ठी दिली. ती पाहून याचे बाबा भडकले. ‘दुखणं हाताचं, आन् आता याले पागलखान्यात न्यायचं का?’ तेव्हापासून चिठ्ठी कपाटात पडून आहे.

खरं सांगू का ताई, धुतो तो खूप. गल्लीतल्या कुत्र्याजवळून गेला तरी धुतो. शाळेतून आला की दप्तर दाराबाहेर ठेवतो, नळ कोपराने उघडतो. दिवसभर विचारतो, ‘मम्मी, कुत्र्याची लाळ लागली नसेल ना? मला रेबीज होणार नाही ना?’ मी ‘नाही रे बाळा’ म्हणते, पाच मिनिटांनी पुन्हा तेच. सासूबाई कौतुकाने सांगतात, ‘किती टापटीप आहे माहा नातू.’ एकदा यांनी चिडून टाकीचा कॉक बंद केला, तर पोरगं थरथर कापायला लागलं, ओकाऱ्या काढल्या. अभ्यासात हुशार आहे, पहिल्या पाचात असतो. त्याला वेड लागलंय का? गोळ्या सुरू झाल्या तर जन्मभर घ्याव्या लागतील का? आणि शाळेत सांगायचं की नाही?

— एक आई, नागपूर

उत्तर

ताई, वेड लागलेलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं जरा शांतपणे वाचाल. आणि ती चिठ्ठी कपाटातून काढा.

मुलाला न पाहता पत्रावरून आजाराचं नाव ठरवायचं नसतं, तेव्हा मीही ठरवत नाही. पण तुमच्या स्किनच्या डॉक्टरांना जी शंका आली, ती तुमचं पत्र वाचून मलाही येते. ओसीडी, मराठीत ज्याला मंत्रचळ म्हणतात, म्हणजे नको तो विचार पुन्हा पुन्हा येणं आणि त्यापायी तीच कृती पुन्हा पुन्हा करणं, ते लहान मुलांतही होतं. शंभर मुलांत साधारण एक ते तीन मुलांना होतं, म्हणजे तीन-चार वर्गांच्या शाळेतही एखादं पोरगं सापडेल. बऱ्याच घरांत ते आधी कातडीवर दिसतं, कारण मनातलं भय मूल लपवू शकतं, फुटलेले हात लपवता येत नाहीत.

त्या डॉक्टरांना काय दिसलं असेल, ते सांगते. सतत धुण्याने खराब झालेल्या हातांची एक ठरावीक तऱ्हा असते. हाताची पाठ, बोटांच्या पेरांवरची कातडी आणि बोटांमधल्या जागा लाल, कोरड्या, भेगाळलेल्या. तळव्याची कातडी जाड असते म्हणून ती जरा तग धरते. आणि हे सगळं मनगटाच्या वर एकदम थांबतं. साबण जिथवर पोचला तिथवर लाल, त्यापुढे कातडी चांगली. तुम्ही आज संध्याकाळी बघा. शर्टाची बाही शेवटाला ओली राहत असेल, तर तेही बघा.

खरूज असती तर रात्री खाज वाढली असती, आणि घरात आणखी कोणी ना कोणी खाजवत असतं. लहानपणापासूनचा एक्झिमा असता तर कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत काही दिसलं असतं. बोअरच्या जड पाण्याने कातडी कोरडी पडते, सासूबाई अगदीच चुकीचं बोलत नाहीत. पण तेच पाणी घरातले सगळे वापरतात आणि सालं फक्त त्याच्या हाताची निघतात.

धुतल्याने एवढं का व्हावं? कातडीच्या वरच्या थरात तेलकट पदार्थ असतात, ते पाणी आत धरून ठेवतात. निरोगी कातडी किंचित आम्लधर्मी असते, सामू पाचच्या आसपास. अंघोळीच्या साध्या वडीचा सामू नऊ-दहाच्या घरात, म्हणजे ती अल्कधर्मी, आणि ती हा तेलकट थर धुऊन नेते. दिवसातून पाच-सहा वेळा हात धुतले तर तो थर स्वतःला सावरून घेतो. पुन्हा पुन्हा, चोळून चोळून, त्यात बादलीत जंतुनाशक ओतून धुतलं की त्याला सावरायला वेळच मिळत नाही. मग भेग पडते, भेगेत साबण झोंबतो, आणि तुमच्या मुलाला ती झोंबणी म्हणजे ‘काहीतरी लागलंय’ याचा पुरावा वाटते. तो आणखी धुतो.

आता त्या ट्यूबबद्दल. चार दिवस बरं आणि पुन्हा तेच, असं झालं म्हणजे त्यात बहुधा स्टेरॉइड असावं. स्टेरॉइड सूज उतरवतं, धुणं थांबवत नाही. दुकानात सहज मिळणाऱ्या ज्या मिश्र ट्यूबा असतात, स्टेरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र, त्या महिनोन्‌महिने लावल्या तर कातडी पातळ होते, आणि पातळ कातडी साबणाने आणखी लवकर फुटते. २०१८मध्ये केंद्र सरकारने कातडीला लावायच्या बऱ्याच स्टेरॉइड औषधांना चिठ्ठीशिवाय विकायची बंदी घातली. दुकानात काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. स्किनच्या डॉक्टरांनी आत्ता जे मलम दिलंय ते त्यांनी सांगितलेल्या दिवसांपुरतंच लावा, आणि जुन्या ट्यूबा फेकून द्या, घरात दुसऱ्या कोणाला लावू नका.

मनाकडे येऊ. ओसीडीत होतं असं, की डोक्यात एक नको असलेला विचार घुसतो. तुमच्या मुलाच्या बाबतीत कुत्र्याची लाळ आणि रेबीज. असे विचार तुमच्या-माझ्या डोक्यातही येतात, येतात आणि जातात. त्याच्या डोक्यात तो अडकतो, छातीत धडधड होते, पोटात गोळा येतो, आणि हात धुतले की जरा वेळ सुटका मिळते. मेंदू एवढंच शिकतो की धुतलं म्हणून वाचलो. पुढच्या वेळी भीती थोड्या लहान कारणाने येते आणि धुणं थोडं जास्त लागतं. आधी कुत्रा जवळ यावा लागत असेल, आता गल्लीत दिसला तरी पुरतो. दप्तर दाराबाहेर गेलं ते याच वाटेने.

यात बुद्धी कमी-जास्त असण्याचा काही संबंध नाही. उलट ह्या वयाच्या पुष्कळ मुलांना आतून कळत असतं, की आपण करतोय ते जास्तीचं आहे. म्हणून तर तो ‘मोजत नाही’ म्हणाला. लाज वाटते त्यांना. घरी जे दिसतं ते बहुधा निम्मंच असतं. शाळेच्या बाथरूममध्ये, मधल्या सुट्टीत, रात्री सगळे झोपल्यावर काय चालतं, हे आईलाही ठाऊक नसतं. ओपीडीत मी मुलांना ‘किती वेळा धुतोस’ असं विचारतच नाही. ‘धुवायचं मनात आलं आणि धुतलं नाही, तर काय होईल असं वाटतं?’ असं विचारते. मग पोरं बोलायला लागतात.

सासूबाईंच्या ‘टापटीप’वर थोडं थांबते, कारण आपल्या घरांत हे दुखणं नेमकं ह्या शब्दामागे वर्षानुवर्षं दडून राहतं. सोवळं-ओवळं, बाहेरून आलं की पाय धुणं, हे आपल्या वळणातच आहे. त्यात कोरोनाच्या काळात ही मुलं जेमतेम बालवाडीत होती, आणि ‘वीस सेकंद हात धू’ हा त्यांना मिळालेला पहिला धडा. त्याने ओसीडी होतं असं मी म्हणत नाही. पण आजाराला चांगल्या सवयीचे कपडे घालून मिरवता आलं, हे खरं. फरक ओळखायला फार अक्कल लागत नाही. टापटीप मुलाला धुऊन बरं वाटतं आणि तो खेळायला पळतो. तुमच्या मुलाला धुऊनही बरं वाटत नाही, आणि कोणी अडवलं तर तो कापतो. आम्ही डॉक्टर लोक आणखी एक विचारतो: अशा विचारांत आणि धुण्यात दिवसाचा तासाहून जास्त वेळ जातो का? किंवा त्यापायी अभ्यास, खेळ, झोप अडते का? उत्तर ‘हो’ असेल, तर ती सवय राहिलेली नाही.

रेबीजबद्दल दोन शब्द, कारण नागपुरात गल्लोगल्ली कुत्री आहेत आणि ही भीती हवेतून आलेली नाही. कुत्रा चावला, ओरखडलं, किंवा भेगाळलेल्या कातडीला, तोंडाला, डोळ्याला लाळ लागली, तर साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुऊन त्याच दिवशी लसीसाठी दवाखाना गाठायचा. यात ओसीडीचं नाव पुढे करून टाळाटाळ नको. पण कुत्रा नुसता जवळून गेला तर त्याने रेबीज होत नाही. हे तुमच्यासाठी लिहितेय. मुलाला समजावायला वापरू नका. तो ऐकेल, पाच मिनिटं निवांत होईल, आणि मग विचारेल, ‘पण मला कळलंच नसेल तर?’

इथेच तुमचा भाग येतो, आणि हा या सगळ्या उत्तरातला सगळ्यात कठीण भाग आहे. ‘नाही रे बाळा, काही होत नाही’ हे कोणती आई म्हणणार नाही? पण हे म्हणणं खाजवण्यासारखं आहे. खाजवलं की क्षणभर बरं वाटतं आणि खाज वाढते. त्याला तुमच्या उत्तराची गरज लागायला लागली आहे, जशी नळाची लागते. उद्यापासून एकदम उत्तर देणं बंद करा, असं मी सांगणार नाही, तेही क्रूर होईल. त्याचं मन शांत असेल अशा वेळी, रात्री जेवणानंतर वगैरे, त्याला सांगा, ‘तुझ्या डोक्यात एक भीती वारंवार येते, ती तुला छळते, हे मला कळलंय. तिच्या प्रश्नाचं उत्तर मी एकदा देईन. पुन्हा विचारलंस तर मी म्हणेन, हा भीतीचा प्रश्न आहे, आणि तुझ्याजवळ बसेन.’ मग खरंच तेवढंच करा. पहिले काही दिवस तो जास्त विचारेल, रडेल, चिडेल. ती तयारी ठेवा. घरातल्या सगळ्यांचं एकच उत्तर हवं. आईने एकदा सांगायचं आणि आजीने मागल्या दाराने पाच वेळा, असं झालं तर उपयोग नाही.

त्याच्यासाठी वेगळा टॉवेल, दिवसातून तीनदा कपडे बदलणं, दप्तर तुम्ही पुसून आत घेणं, असं काही सुरू झालं असेल तर ते कुठे कुठे चालतं याची यादी करून डॉक्टरांकडे न्या. एका दिवसात मोडायला जाऊ नका. काय आधी सोडायचं आणि काय नंतर, हे त्याच्यासोबत बसून ठरतं.

आणि टाकीचा कॉक पुन्हा बंद करायचा नाही. हे त्याच्या बाबांना माझं नाव घेऊन सांगा.

खरं तर त्यांच्याशीच थोडं बोलते. दादा, पोराच्या काळजीनेच तुम्ही चिडलात, हे आईच्या पत्रातूनही दिसतं. छिंदवाडा रोडवरचा तो चौक आपण लहानपणापासून ‘पागलखाना चौक’ म्हणत आलो, रिक्षावालाही तेच म्हणतो, म्हणून मानसोपचार म्हटलं की तीच भिंत आणि तेच गेट डोळ्यांपुढे उभं राहतं. तिथलं प्रादेशिक मनोरुग्णालय ही वेगळी संस्था आहे. चिठ्ठी आहे ती मेडिकलच्या ओपीडीची. जिथे तुम्ही ताप-खोकला दाखवता, तसाच केसपेपर, तशीच रांग, तसंच बाकडं. मुलाला बोलावून तासभर गप्पा मारतील, तुम्हाला वेगळं विचारतील, काही प्रश्नावली भरतील. भरती करत नाहीत, शॉक देत नाहीत, शाळेला कळवत नाहीत. मेडिकलला गर्दी नको वाटत असेल तर मेयो रुग्णालयात आणि मिहानजवळच्या एम्समध्येही मानसोपचार विभाग आहेत. इतके महिने ट्यूबा आणल्या, तर एक सकाळ ही देऊन बघा.

उपचार म्हणजे काय, तर आधी बोलण्याचा. ह्याला ईआरपी म्हणतात. मूल आणि समुपदेशक मिळून भीतीची शिडी काढतात. सगळ्यात खालच्या पायरीवर समजा कुत्र्याचं चित्र बघणं, मग चित्राला हात लावणं, मग दप्तर दाराच्या आत ठेवणं, मग गल्लीतून कुत्र्याच्या पलीकडल्या बाजूने जाणं. प्रत्येक पायरीवर भीती वाटू द्यायची आणि हात धुवायला जायचं नाही. भीती चढते, थांबते आणि, धुतलं नाही तरी, हळूहळू उतरते. हे मुलाला अंगावर अनुभवावं लागतं, सांगून पटत नाही. पायऱ्या मूल स्वतः निवडतं, म्हणून जबरदस्ती केल्यासारखं होत नाही. बाबांनी कॉक बंद केला तेव्हा भीती होती, पण निवड त्याची नव्हती. फरक तिथेच पडतो.

गोळ्यांचं विचारलंत. सौम्य असेल तर नुसत्या ईआरपीने भागतं. मध्यम किंवा जास्त असेल तर सर्ट्रालिन, फ्लुऑक्झेटिन, फ्लुव्होक्झामिन अशा गटातलं औषध जोडतात. २००४मध्ये अमेरिकेत ७ ते १७ वयाच्या ११२ मुलांचे चार गट करून बारा आठवडे पाहिलं. थेरपी आणि सर्ट्रालिन दोन्ही मिळालेल्या गटात निम्म्याहून थोडी जास्त मुलं जवळपास लक्षणमुक्त झाली, नुसत्या थेरपीने शंभरात चाळिसेक, नुसत्या गोळीने शंभरात विसेक, खोट्या गोळीने चारच्या आत. तेव्हा ‘नुसती गोळी लिहून द्या’ म्हणून घाई करणारे पालक आणि ‘गोळी नकोच’ म्हणणारे पालक, दोघांनाही मी हेच आकडे दाखवते.

ह्या गोळ्यांची चटक लागत नाही. झोपेच्या गोळ्या नव्हेत त्या. परिणाम दिसायला आठ-दहा आठवडे, कधी बारा लागतात. दुसऱ्या आठवड्यात ‘काहीच फरक नाही’ म्हणून सोडून देणारे फार. बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने ते वर्षभर चालू ठेवतात आणि मग डॉक्टर हळूहळू उतरवतात. काहींना पुढे पुन्हा लागतात, सगळ्यांना नाही. एका गोष्टीवर मात्र लक्ष ठेवा: सुरुवातीच्या काही आठवड्यांत काही मुलं अस्वस्थ होतात, चिडतात, क्वचित जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलून दाखवतात. असं काही दिसलं तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना गाठायचं. आपल्या मनाने गोळी एकदम बंद करायची नाही.

हे सगळं दिवाळीत एकाच दिवशी, घसा दुखून ताप येऊन गेल्यावर, अचानक सुरू झालं होतं का, ते आठवा. सोबत डोळे मिचकावणं, खांदा उडवणं असं काही होतं का? असेल तर हेही डॉक्टरांना सांगा. घशाच्या विशिष्ट संसर्गानंतर एकाएकी ओसीडी सुरू झाल्याची मुलं असतात, त्यांची तपासणी थोडी वेगळी होते. पण बहुतेक मुलांचं असं एका रात्रीत होत नाही.

दरम्यान हातांचं. मनाचा उपचार सुरू होईपर्यंत हात तसेच ठेवायचे नाहीत, आणि हात बरे होईपर्यंत मनाचं थांबवायचं नाही, दोन्ही एकदम. गरम पाणी बंद. वडीऐवजी साबण नसलेलं, वास नसलेलं क्लीन्झर. जंतुनाशक बादलीतून हद्दपार. धुतल्यावर हात टिपून, ओलसर असतानाच पेट्रोलियम जेली किंवा जाड मलम. रात्री झोपताना जेलीचा जाड थर आणि वर सुती हातमोजे. एप्रिलमध्ये, कूलर चालू असला तरी, हातमोजे घालायला पोरगं कुरकुर करणार. बळजबरी नको, जमेल तेवढ्या रात्री. एक सावधगिरी: काही मुलं मलम लावणंसुद्धा नव्या रिवाजात बसवतात, ‘अमुक वेळा लावलं तरच चालेल’ असं. दिसलं तर थेरपिस्टना सांगा.

या निमित्ताने इतर पालकांसाठीही थोडं लिहिते, कारण कातडीतून बोलणारं मन फक्त हात धुण्यात दिसत नाही. डोक्यावर टक्कल पडलं की आपल्याकडे सरळ ‘चाई’ म्हणतात आणि कांद्याचा रस सुरू होतो. चाईत केस गळून जागा गुळगुळीत होते. मूल स्वतः केस उपटत असेल तर त्या जागी तुटलेले, लांबी कमी-जास्त असलेले केस बोटांना टोचतात, आणि गादीखाली, कपाटाच्या मागे केसांचे पुंजके सापडतात. उपटलेले केस मूल गिळत असेल आणि पोट दुखत असेल, ओकत असेल, जेवण कमी झालं असेल, तर ताबडतोब डॉक्टर. पोटात केसांचा गोळा होतो आणि कधी कधी ऑपरेशनने काढावा लागतो. खपल्या पुन्हा पुन्हा उकरणं, ओठ चाटून चाटून तोंडाभोवती लाल कडं पडणं, नखं रक्त येईपर्यंत कुरतडणं, यातलं थोडंफार पुष्कळ मुलं करतात. जखमा होऊ लागल्या, मूल लपवू लागलं, की दाखवावं. यात ईआरपी नाही, सवय उलटवण्याची वेगळी थेरपी असते. हात केसांकडे कधी जातो हे मूल आधी टिपायला शिकतं, आणि त्या वेळी हातांना दुसरं काम देतं.

पौगंडातल्या मुलामुलींच्या हातावर एकसारख्या सरळ रेघांच्या जखमा दिसल्या, किंवा कशा झाल्या ते कोणालाच सांगता येत नाही असे चट्टे वारंवार येऊ लागले, तर रागावू नका, एकांतात आणि प्रेमाने विचारा. घरी-शाळेत कोणी त्रास देतंय का, हेही विचारा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. मुलांना कोणी छळत असेल तर मुलांसाठीची हेल्पलाइन, १०९८.

उलट बाजूही आहे. प्रत्येक न बरं होणारं कातडीचं दुखणं मनाचं नसतं, आणि ‘डॉक्टरला काही सापडत नाही म्हणजे टेन्शनचं’ हा निष्कर्ष मला आळशीपणाचा वाटतो. एक्झिमा असलेलं मूल रात्रभर खाजवतं, झोप होत नाही, दुसऱ्या दिवशी चिडचिडं आणि अभ्यासात बेध्यान असतं. तिथे आधी कातडीच नीट करावी लागते. पुष्कळदा चिडचिड त्यानेच उतरते. पांढरे डाग असलेली मुलं शाळेत एकटी पडतात आणि खिन्न होतात, तिथे दुखणं कातडीतून मनाकडे गेलेलं असतं. ‘गर्भात मेंदू आणि कातडी एकाच थरापासून तयार होतात’ हे वाक्य या विषयावरच्या प्रत्येक भाषणात येतं. खरं आहे, पण त्याने कोणाचं काही ठरत नाही. तुमच्या मुलाचं ठरलं ते एका डॉक्टरने मनगटाशी थांबलेली लाली पाहून एक प्रश्न विचारला म्हणून.

राहिली शाळा. मे महिन्यात सांगायची गरज नाही. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे दोन महिने हातात आहेत, आणि ईआरपीच्या बऱ्याचशा बैठका त्यात बसतील. सुट्टी आहे, अभ्यासाचं ओझं नाही, चुकलं तर बघायला वर्गमित्र नाहीत. म्हणून याच आठवड्यात केसपेपर काढा, उन्हाच्या आधी, सकाळीच. शाळा उघडल्यावर वर्गशिक्षकांना तेवढं सांगा: हाताचा आणि भीतीचा उपचार सुरू आहे, मुलं हातांवरून चिडवत असतील तर थांबवा, आणि तो बाथरूमला वारंवार परवानगी मागत असेल तर नाही म्हणू नका पण आम्हाला कळवा. परवानगी किती वेळा द्यायची, हे पुढे थेरपिस्ट शिक्षकांशी बोलून ठरवतील. मुलाला आधी विचारून मगच सांगा. त्याने ‘सरांना सांगू नका, मॅडमना सांगा’ म्हटलं, तर मॅडमना सांगा.